स्वदेशीसाठी भ्रमंती : गंगाबहेन मजमुदार यांनी घेतलेला चरख्याचा शोध

१. प्रस्तावना

स्थानिक वस्तूंच्या प्रसारासाठी गावोगाव हिंडणे ही भारतीय सार्वजनिक जीवनातील परिचित गोष्ट आहे. खादीफेऱ्या, स्वदेशीच्या यात्रा, ग्रामोद्योगांची प्रदर्शने यांचा इतिहास शंभर वर्षांहून अधिक काळाचा आहे. अशा यात्रांचे मोजमाप बहुधा किती अंतर कापले, किती सभा झाल्या, किती लोकांनी शपथ घेतली या आकड्यांत केले जाते. मात्र यात्रा संपल्यानंतर ती वस्तू तयार करणाऱ्याच्या घरात काय बदलले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

या प्रश्नाच्या दृष्टीने एका स्त्रीची भ्रमंती विशेष अभ्यसनीय ठरते. गंगाबहेन मजमुदार या गुजरातमधील विधवा स्त्रीने १९१७ नंतर चरख्याच्या शोधात गुजरात पालथा घातला. त्यांच्यामागे मिरवणूक नव्हती आणि त्यांनी किती कोस प्रवास केला याची नोंदही नाही. ती शब्दशः पदयात्रा होती असेही म्हणता येत नाही; कारण गंगाबहेन घोड्यावरूनही सराईतपणे फिरत असत. तथापि ज्या खादीभोवती पुढे राष्ट्रीय आंदोलन उभे राहिले, त्या खादीसाठी लागणारे हातसूत त्यांच्या या शोधामुळे नियमितपणे मिळू लागले. गांधीजींनी आपल्या आत्मकथेत त्यांना कृतज्ञतापूर्वक स्थान दिले आहे. असे असूनही स्वदेशीच्या सर्वसाधारण इतिहासात त्यांचे नाव अभावानेच आढळते.

प्रस्तुत लेखात या भ्रमंतीचे स्वरूप, तिने जोडलेली उत्पादनाची साखळी आणि आजच्या काळातील तिचे महत्त्व यांचे विवेचन केले आहे.

२. मागणीवर आधारलेली स्वदेशी

महाराष्ट्रात स्वदेशीचा विचार गांधीजींच्या बराच आधी रुजला होता. गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका यांनी १८७० च्या दशकाच्या आरंभी स्वदेशीचे व्रत घेतले आणि १८७७ च्या दिल्ली दरबारास ते खादीचा वेष करून उपस्थित राहिले. बंगालच्या फाळणीनंतर १९०५ मध्ये स्वदेशी व बहिष्कार ही चळवळीची प्रमुख साधने झाली. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली.

या टप्प्यावरील स्वदेशीचा भर ग्राहकाच्या संकल्पावर होता. परदेशी कापड वापरू नये व देशी वापरावे, असे आवाहन केले जाई. परंतु वाढलेली मागणी पुरी कोणी करावयाची याची व्यवस्था चळवळीच्या हाती नव्हती. तो लाभ स्वाभाविकपणे देशी गिरण्यांकडे गेला. मुंबईचे गिरणीमालक उमर सोबानी यांनी पुढे गांधीजींशी बोलताना याची स्पष्ट कबुली दिली. फाळणीच्या आंदोलनाचा गिरणीमालकांनी पुरेपूर फायदा उठविला आणि चळवळ भरात असताना कापडाचे भाव वाढविले, असे त्यांनी सांगितले. नुसत्या स्वदेशीच्या प्रचाराने गिरण्यांचे उत्पादन वाढणार नाही, भाव मात्र वाढतील, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

रवींद्रनाथ टागोरांच्या ‘घरे बाइरे’ (१९१६) या कादंबरीत याच प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. स्वस्त परदेशी कापड विकून पोट भरणाऱ्या गरीब विक्रेत्यावर बहिष्काराचा भार कसा पडतो, हे तीत दाखविले आहे. तात्पर्य, संकल्प ग्राहकाचा आणि लाभ गिरणीमालकाचा, तर तोशीस मात्र गरिबाला, अशी ही विषम विभागणी होती. वस्तू तयार करणारा सामान्य कारागीर या व्यवहारात जवळजवळ अनुपस्थितच होता.

३. शोधाची निकड : सूत कोठून आणावयाचे?

गांधीजींनी ‘हिंद स्वराज्य’मध्ये (१९०९) गिरण्यांच्या संस्कृतीवर टीका करून हातउद्योगांचा पुरस्कार केला होता. तथापि १९१५ मध्ये भारतात परत येईपर्यंत त्यांनी चरखा प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता. अहमदाबादच्या आश्रमात प्रथम हातमाग बसविण्यात आले. विणकर शोधून आणून विणकाम शिकण्यात आले. पण मागावर चढणारे सूत गिरणीचेच होते. गिरण्या आपले बरेचसे सूत स्वतःच वापरत आणि उरलेले विकत. त्यामुळे हातमागाचे कापड म्हणजे गिरणीच्या सुतावर अवलंबून असलेले कापड अशी स्थिती होती.

विणकाम टिकून राहिले आणि सूतकताई लोप पावली, याचे कारण दोन्ही कामांच्या स्वरूपात आहे. एका मागाला पुरेल इतके सूत पुरविण्यासाठी अनेक कातणाऱ्यांचे श्रम लागतात. यंत्राने प्रथम याच श्रमप्रधान टप्प्यावर आघात केला. गिरणीचे सूत स्वस्त, सारखे आणि मजबूत असल्याने विणकरांनी ते स्वीकारले व आपला माग चालू ठेवला. कातणाऱ्या स्त्रियांना असा पर्याय उरला नाही. विणकर हा जातीने आणि व्यवसायाने ओळखला जाई. त्याची वस्ती दाखविता येई. कातणारी मात्र घरातील बाई होती. तिचे काम बंद पडले तेव्हा ते कोणाच्या फारसे लक्षातही आले नाही.

आश्रमातील मंडळी येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे चरख्याची चौकशी करीत, परंतु शोध लागत नव्हता. ही कला स्त्रियांच्याच हाती होती आणि ती जवळजवळ नष्ट झाली होती. एखादी कातणारी कोठे कानाकोपऱ्यात उरली असेल, तर तिचा ठाव स्त्रीलाच लागू शकेल, हे गांधीजींच्या लक्षात आले. या जाणिवेत महत्त्वाचे सामाजिक सत्य आहे. परक्या पुरुषाचा प्रवेश ओसरीपर्यंत. माळ्यावर काय पडले आहे, हे घरातील स्त्रीच सांगणार आणि तेही दुसऱ्या स्त्रीला. म्हणून हा शोध स्त्रीने घेणे ही केवळ सोय नव्हती, ती शोधाची पूर्वअट होती.

४. गंगाबहेन : व्यक्ती आणि शोध

१९१७ मध्ये भडोच येथे भरलेल्या गुजरात शिक्षण परिषदेत गांधीजींची गंगाबहेन मजमुदार यांच्याशी ओळख झाली. त्यानंतर त्याच वर्षी गोध्रा येथील परिषदेत हा परिचय दृढ झाला. गांधीजींनी केलेल्या वर्णनानुसार त्यांचे रूढ अर्थाने शिक्षण बेताचेच होते. पण धैर्य आणि व्यवहारज्ञान या बाबतींत त्या सुशिक्षित स्त्रियांनाही मागे टाकणाऱ्या होत्या. अस्पृश्यतेचे बंधन त्यांनी झुगारले होते आणि दलित वस्त्यांत त्या निर्भयपणे वावरत. स्वतःची मालमत्ता होती, गरजा मोजक्या होत्या, शरीर काटक होते. सोबतीला कोणी नसतानाही त्या सर्वत्र फिरत.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील उच्चवर्णीय विधवेच्या वाट्याला आलेले जीवन लक्षात घेता यातील प्रत्येक गोष्ट असाधारण आहे. आर्थिक स्वावलंबन नसते तर त्यांना महिनोन्‌महिने फिरता आले नसते. विटाळ मानला असता तर पिंजारी, विणकर आणि अन्य कष्टकरी जातींच्या घरांत त्यांना वावरता आले नसते. अर्थात या भ्रमंतीचे यश केवळ पायांच्या बळावर नव्हते. कोणत्या उंबरठ्याच्या आत जाता येते, यावर ते अवलंबून होते.

गोध्रा येथे गांधीजींनी आपली व्यथा त्यांच्यापुढे मांडली आणि गंगाबहेन यांनी चरखा शोधून काढण्याचे वचन दिले. पुष्कळ भटकंतीनंतर बडोदे संस्थानातील विजापूर येथे त्यांना चरखे सापडले. हे विजापूर म्हणजे आदिलशाहीची राजधानी नव्हे. ते उत्तर गुजरातमधील, आजच्या मेहसाणा जिल्ह्यातील गाव होय.

५. विजापूरच्या स्त्रियांच्या दोन अटी

विजापुरात अनेक घरांत चरखे होते, पण निरुपयोगी अडगळ म्हणून ते माळ्यावर टाकलेले होते. लोक पुन्हा कातावयास तयार होते. मात्र त्यांनी दोन गोष्टी मागितल्या. पहिली, पेळू नियमितपणे मिळावेत. दुसरी, कातलेले सूत कोणीतरी विकत घ्यावे.

या दोन अटींत ग्रामोद्योगाचे अर्थशास्त्र सामावलेले आहे. विजापूरच्या घरांत साधन होते, कौशल्य होते आणि इच्छाही होती. नव्हता तो फक्त दोन टोकांचा संबंध. एका टोकाला कच्चा माल आणि दुसऱ्या टोकाला ग्राहक. मधला उद्योग मरतो तो बहुधा आळसाने वा अज्ञानाने मरत नाही. ही दोन्ही टोके तुटल्याने मरतो. त्यामुळे त्याला जागे करण्यासाठी उपदेश पुरेसा नसतो. गंगाबहेन यांनी विजापुरात देशभक्तीचे व्याख्यान दिले की नाही, याची नोंद नाही. त्यांनी तेथील लोकांचे म्हणणे ऐकून घेतले आणि त्यांच्या अटी गांधीजींपर्यंत पोहोचविल्या, एवढे मात्र निश्चित आहे.

प्रचारयात्रा आणि शोधयात्रा यांतील भेद येथे स्पष्ट होतो. प्रचारयात्रेत यात्रिक सांगतो आणि गाव ऐकते, तर शोधयात्रेत गाव सांगते आणि यात्रिक ऐकतो. गंगाबहेन यांची भ्रमंती दुसऱ्या प्रकारची होती.

६. पेळू, पिंजारी आणि पन्हा

पेळूंची अडचण प्रथम उमर सोबानी यांनीच सोडविली. त्यांनी आपल्या गिरणीतून पेळू पाठविण्यास सुरुवात केली. विजापुरात सूत इतक्या वेगाने तयार होऊ लागले की ते ठेवावयाचे कोठे, असा प्रश्न पडला. माळ्यावरील चरखे किती सहज फिरू लागले, याचा हा पुरावा होय.

पण गिरणीचे पेळू वापरणे गांधीजींना खटकू लागले. पेळू गिरणीचे चालत असतील तर सूतच गिरणीचे का नको, हा प्रश्न तर्कशुद्ध होता. शिवाय एका गिरणीमालकाच्या औदार्यावर उद्योग कायमचा उभा राहू शकत नाही. त्यांनी गंगाबहेन यांना पिंजारी शोधण्यास सुचविले. दरमहा ३५ रुपये मागणारा एक पिंजारी त्यांनी मिळविला. पिंजलेल्या कापसाचे पेळू वळण्याचे काम त्यांनी काही मुलांना शिकविले. कापूस मुंबईतून मागून आणण्यात आला. पुढे त्यांनी विणकरही शोधले आणि विजापूरची खादी नावारूपास आली.

कापूस, पिंजण, पेळू, सूत, कापड आणि ग्राहक अशी ही सहा कड्यांची साखळी होती. यातील एकही कडी गंगाबहेन यांनी नव्याने शोधून काढलेली नाही. प्रत्येक कडी कोठे ना कोठे अस्तित्वात होती; ती दुसरीपासून तुटलेली होती. त्यांचे कर्तृत्व या कड्या क्रमाने जोडण्यात आहे.

आणखी एक प्रसंग तांत्रिक दृष्ट्या उद्बोधक आहे. आश्रमात व विजापुरात निघणाऱ्या खादीचा पन्हा अवघा ३० इंच होता. गांधीजींना संपूर्ण खादीचा वेष करावयाचा होता, पण धोतरासाठी हा पन्हा अपुरा होता. त्यांनी गंगाबहेन यांना कळविले की महिन्याच्या आत ४५ इंच पन्ह्याचे धोतर मिळाले नाही, तर ते आखूड, जाडेभरडे धोतरच नेसतील. पन्हा दीडपट करावयाचा म्हणजे तेवढ्याच घट्ट विणीसाठी ताण्याचे धागे दीडपट लागतात, फणी व माग रुंद लागतो आणि धोटा अधिक दूर फेकावा लागतो. हाताने कातलेले, कमीअधिक जाडीचे सूत ताण्यासाठी वापरताना ते वारंवार तुटण्याची भीती असते, ती वेगळीच. गंगाबहेन यांनी मुदतीपूर्वीच ४५ इंच पन्ह्याची धोतरजोडी पाठविली. गांधीजींच्या पोशाखाचा राजकीय अर्थ अनेक ग्रंथांत उलगडला गेला आहे. त्या पोशाखामागील हा पन्ह्याचा प्रश्न आणि तो सोडविणारी स्त्री मात्र दुर्लक्षित राहिली.

७. मुंबईतील स्त्रिया आणि खादीची विक्री

याच सुमारास मुंबईत आजारी असताना गांधीजींना तेथे दोन कातणाऱ्या सापडल्या. त्या २८ तोळ्यांच्या शेरास एक रुपया घेत. विजापूरच्या दराशी तुलना केल्यावर हा दर फार असल्याचे लक्षात आले. दर कमी करण्यास त्या तयार नसल्याने त्यांचे काम थांबविण्यात आले. परंतु तोपर्यंत त्यांनी अवंतिकाबाई गोखले, रमीबाई कामदार, शंकरलाल बँकर यांच्या मातोश्री आणि वसुमतीबहेन यांना कातणे शिकविले होते. यांपैकी अवंतिकाबाई १९१७ मध्ये चंपारण्यातील शाळांच्या कामासाठी गेलेल्या होत्या. १९१८ मध्ये त्यांनी मुंबईत हिंद महिला समाजाची स्थापना केली आणि त्याच वर्षी गांधीजींचे मराठी चरित्रही लिहिले. मराठी स्त्रीचा खादीशी असलेला संबंध अशा रीतीने आरंभापासूनचा आहे.

आश्रमात निघालेल्या पहिल्या खादीचा खर्च वाराला १७ आणे, म्हणजे एक रुपयाहून अधिक पडला. एवढे महाग आणि जाडेभरडे कापड विकावयाचे तर ग्राहकाची समजूत घालणे भाग होते. १९२१ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या राष्ट्रीय स्त्री सभेच्या सदस्यांनी हे काम अंगावर घेतले. दादाभाई नौरोजी यांच्या नाती, कॅप्टन भगिनी, या कार्यात अग्रभागी होत्या. सुखवस्तू घरांतील स्त्रियांनी खादीचे गठ्ठे घेऊन दारोदार जावे, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. गंगाबहेन यांनी वस्तू निर्माण करणारे टोक पक्के केले, तर या स्त्रियांनी ती विकत घेणारे टोक.

याच वर्षी बेजवाडा येथील काँग्रेसच्या बैठकीत २० लाख चरखे चालू करण्याचे उद्दिष्ट ठरले. काही वर्षांपूर्वी एका चरख्याच्या शोधात फिरावे लागत होते, हे लक्षात घेतल्यास या संकल्पाची झेप ध्यानात येते. जुलै १९२१ च्या अखेरीस परळ येथे परदेशी कापडाची जी मोठी होळी झाली, ती सोबानी यांच्याच गिरणीच्या आवारात.

८. कातणारीची मजुरी

या इतिहासाची एक बाजू अस्वस्थ करणारी आहे. मुंबईच्या कातणाऱ्यांचा दर परवडेना म्हणून त्यांचे काम थांबले आणि विजापूरचा कमी दर हा प्रमाण मानला गेला. खादी स्वस्त करावयाची असेल तर कातणारीला कमी द्यावे लागते. कातणारीला पुरेसे द्यावयाचे असेल तर खादी महागते. हा पेच आरंभापासूनच होता. खादीमुळे अर्धपोटी, रिकाम्या हातांच्या स्त्रियांना काम मिळते, हेच गांधीजींनी सोबानी यांना दिलेल्या उत्तराचे सार होते. मिळणारे काम पोट भरण्याइतके आहे काय, हा प्रश्न मात्र त्यातून सुटत नव्हता.

अखिल भारतीय चरखा संघाची स्थापना १९२५ मध्ये झाली. त्यानंतर दहा वर्षांनी, १९३५ मध्ये, कातणाऱ्यांना किमान मजुरी देण्याचे धोरण गांधीजींच्या आग्रहावरून संघाने स्वीकारले. भाव वाढून विक्री घटेल, ही कार्यकर्त्यांची भीती निराधार नव्हती. तरीही ग्राहकाच्या सोयीपेक्षा कातणारीचे पोट महत्त्वाचे, हे तत्त्व निदान मान्य झाले. ज्यांनी चरखे माळ्यावरून खाली काढले, त्यांच्या बाजूने हा विचार होण्यास दीड दशकाहून अधिक काळ लागला, ही गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

९. आजचा संदर्भ

स्वातंत्र्यानंतर ही शोधदृष्टी काही प्रमाणात संस्थांकडे आली. १९५२ मध्ये अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झाले. कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी त्याचे नेतृत्व करताना गावोगाव फिरून कारागिरांचा शोध घेतला. हे मंडळ २०२० मध्ये बरखास्त करण्यात आले. दरम्यान, २०१५ पासून ७ ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिन म्हणून पाळला जातो. १९०५ मध्ये त्याच दिवशी कोलकाता येथे स्वदेशी चळवळीची घोषणा झाली होती. २०२० मध्ये स्थानिक वस्तूंचा अभिमानाने पुरस्कार करण्याचे आवाहन पुन्हा राष्ट्रीय पातळीवर झाले.

२०१९-२० च्या चौथ्या हातमाग गणनेनुसार देशात सुमारे ३५ लाख हातमाग कामगार असून त्यांत स्त्रियांचे प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक आहे. म्हणजे स्थानिक वस्तूचा प्रश्न आजही मोठ्या प्रमाणात स्त्रीच्या श्रमाचा प्रश्न आहे. तिच्या अटीही मूलतः विजापूरच्याच आहेत. कच्चा माल नियमित व परवडणाऱ्या दरात मिळावा आणि तयार माल योग्य भावाने उचलला जावा.

महाराष्ट्रातील उदाहरणे बोलकी आहेत. येवला व पैठण येथील पैठणीचे रेशीम प्रामुख्याने कर्नाटकातून आणि जर सुरतेहून येते. या दोहोंचे भाव वाढले की विणकराची मिळकत आक्रसते. विदर्भात कापूस पिकतो, पण त्याचे सूत व कापड होण्याचे टप्पे बऱ्याच अंशी अन्यत्र पार पडतात. स्थानिक वस्तू म्हणून जिचा गौरव केला जातो, तिची साखळी कोठे तुटलेली आहे, याचा शोध घेतल्याशिवाय गौरवाचा लाभ कारागिराच्या हाती पडत नाही.

महाविद्यालयांच्या दृष्टीने यात एक कार्यक्रम दडलेला आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या फेऱ्यांतून घोषणा दिल्या जातात. त्याऐवजी विद्यार्थिनींच्या एखाद्या गटाने आपल्या तालुक्यातील एक हातउद्योग निवडून त्याच्या कड्यांची नोंद केली, माळ्यावर पडलेली साधने कोणती आणि ती का पडली हे घरातील स्त्रियांना विचारले, तर अर्थशास्त्र, समाजशास्त्र व इतिहास या तिन्ही विषयांना उपयुक्त सामग्री हाती येईल.

१०. समारोप

गंगाबहेन मजमुदार यांची भ्रमंती तीन कारणांनी महत्त्वाची ठरते. एक, तिने स्वदेशीचा विचार ग्राहकाच्या संकल्पाकडून उत्पादकाच्या घराकडे वळविला. दोन, स्त्रियांच्या हातातील लुप्त कौशल्याचा शोध स्त्रीच घेऊ शकते, हे तिने सिद्ध केले. तीन, प्रसारापूर्वी साखळी जोडावी लागते, हा धडा तिने घालून दिला. १९०५ च्या स्वदेशीत घोषणा होती, पण साखळी नव्हती. म्हणून भाव वाढले आणि लाभ भलतीकडे गेला. विजापुरात साखळी आधी जोडली गेली. म्हणून माळ्यावरचे चरखे खाली आले.

स्थानिक वस्तूंसाठी निघणाऱ्या कोणत्याही यात्रेची कसोटी यापुढे अंतरावर लावून चालणार नाही. ती यात्रा किती घरांत थांबली, तेथील स्त्रियांनी कोणत्या अटी सांगितल्या आणि त्यांपैकी किती पुऱ्या झाल्या, या तीन प्रश्नांची उत्तरेच तिचे खरे मोल ठरवतील.